गोचीडमुक्त पाठ

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही गोष्ट वनखात्याने अधिकृतपणे कधीच मान्य केलेली नाही. खात्याच्या नियमांत कामगाराला डोकं आहे, कारण त्याला हेल्मेट द्यावं लागतं. हात आहेत, कारण काम करून घ्यावं लागतं. पाय आहेत, कारण त्याने वेळेवर हजर व्हावं लागतं. पाठीचा मात्र उल्लेख कुठेही नाही. त्यामुळे झाडं तोडणाऱ्या तुकडीने आपापल्या पाठीची सोय आपली आपणच लावून घेतली होती.

सोय अगदी साधी. दिवसभर गुडघाभर गवतातून आणि झुडपांतून वावरलं की अंगाला गोचीड चिकटतात. गोचीड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते नशीबवान. तिळाएवढा जीव, गवताच्या शेंड्यावर बसून वाट बघतो, कोणी घासून गेलं की कपड्यात शिरतो, चढत चढत उबदार जागा गाठतो आणि तोंड रुतवून बसतो. चावल्याचं कळतसुद्धा नाही. पोटभर रक्त पिऊन टम्म फुगला की आपणहून गळून पडतो आणि जाताना कधीकधी ताप ठेवून जातो. हा ताप वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. नाही ओळखला तर माणूस हातचा जातो. म्हणून संध्याकाळी हत्यारांच्या शेडमध्ये सगळे शर्ट काढत आणि जोडीजोडीने एकमेकांच्या पाठी बघत. गोचीड सापडला की बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायचा, सरळ ओढायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. दर आठवड्याला ती बाटली विभागीय कार्यालयात जायची. तिथे तिचं काय करतात, हे कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

मुकादमाची जोडी त्याच्या मेहुण्याशी होती. बायकोचा धाकटा भाऊ. करवत चालवायचा, बोलायचा कमी आणि दिवसभर गुणगुणत असायचा, म्हणून सगळी तुकडी त्याला भुंगा म्हणायची. ज्याच्या हातात चिमटा आणि समोर आपली उघडी पाठ आहे, त्याच्याशी माणूस जरा नीटच बोलतो. त्यामुळे तुकडीतली निम्मी भांडणं त्या शेडमध्येच मिटायची. मुकादम तसा तापट, पण मेहुण्याकडे पाठ करून उभा राहिला की गरीब होऊन जायचा आणि घरच्या चार गोष्टी सांगायचा. भुंगा गुणगुणत पाठ चाचपायचा, मध्येच थांबायचा, आणि थांबला की मुकादमाला कळायचं, सापडला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आता कुठलीही गोष्ट सुरळीत चालली की वरच्यांचं तिकडे लक्ष जातंच.

विभागीय कार्यालयात सगळ्या मुकादमांची बैठक लागली. नवीन सुरक्षा अधिकारी आले होते. तरुण, चटपटीत, बुटांवर धुळीचा कण नाही. त्यांनी भिंतीवर एक चित्र दाखवलं. त्यात प्रत्येक तुकडीच्या नावाने एक खांब होता. इतरांचे खांब जमिनीला टेकलेले आणि आपल्या मुकादमाचा खांब थेट छताला लागलेला. मुकादमाला वाटलं, आपलं कौतुक होणार. त्याने हळूच केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसला.

"हे गोचीड," साहेब म्हणाले. "तुमच्या तुकडीत सापडतात."

"सापडतात, साहेब."

"इतरांकडे सापडत नाहीत."

"ते बघत नाहीत, साहेब."

"मुकादम, स्वतःची चूक दुसऱ्यांवर ढकलू नका."

नदीकाठच्या तुकडीचा मुकादम शेजारीच बसला होता. त्याची बाटली इतकी स्वच्छ की नवीकोरी वाटावी. तो गालातल्या गालात हसला. त्याच बैठकीत 'शून्य गोचीड अभियान' जाहीर झालं. ज्या तुकडीची बाटली सलग रिकामी येईल तिला फिरती ढाल मिळणार होती, आणि ढालीबरोबर गुडघ्यापर्यंतचे गोचीडरोधक बूट आणि औषध मुरवलेल्या पँटी. आपल्या मुकादमाने धीर करून विचारलं की बूट आधी जिथे गोचीड आहेत तिथे द्यायला नकोत का. साहेबांनी त्याच्याकडे फार प्रेमाने पाहिलं. गोचीड असलेल्यांना बूट दिले, तर गोचीड बाळगण्याला उत्तेजन मिळेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. बूट हे गोचीड नसल्याचं बक्षीस आहे. सगळ्या मुकादमांनी माना डोलावल्या, आणि थोड्या वेळाने आपल्याही मुकादमाने डोलावली, कारण एकट्याचीच मान स्थिर राहिलेली बरी दिसत नाही.

पहिली ढाल अर्थातच नदीकाठच्या तुकडीला गेली. ती घेऊन त्यांचा मुकादम मुद्दाम लांबच्या वाटेने, आपल्या मुकादमाच्या शेडवरून गेला.

मुकादमाच्या जिवाला ते फार लागलं. त्या दिवशी जेवताना त्याचं लक्ष नव्हतं. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं आणि वर म्हणाला की मी कधी खोटं बोललो नाही आणि बोलणार नाही, बाटलीतला गोचीड काढून फेकणं माझ्याच्याने व्हायचं नाही. बायको म्हणाली, मग प्रश्नच मिटला, नका पडू त्या फंदात. पण प्रश्न मिटला नव्हता. त्याला त्या चित्रातला आपला खांब दिसत होता.

वाट मिळाली ती योगायोगाने. ट्रॅक्टर चिखलात रुतला, तो काढता काढता अंधार पडला, आणि आठवडाभर हेच चाललं. पाठी बघायला कोणाला उसंतच मिळाली नाही. त्या आठवड्याची बाटली रिकामी गेली. दोन दिवसांत साहेबांचा स्वतःहून फोन आला. "मुकादम, सुधारणा दिसते आहे. काय केलंत?" मुकादम म्हणाला, काहीच नाही केलं साहेब. साहेब म्हणाले, तेच चालू ठेवा.

फोन ठेवता ठेवता मुकादमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खोटं बोलायची गरजच नव्हती. सापडलेला गोचीड लपवणं हे पाप. पण न शोधलेला गोचीड न सापडणं, यात कोणी कुठे खोटं बोललं? त्याच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं, आणि इतक्या दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशीपासून पाठी बघणं बंद. मुकादमाने तुकडीला सांगितलं की शेडमध्ये उघडंबोडं उभं राहणं शोभत नाही. लोकांना आधी बरं वाटलं, लवकर घरी जायला मिळत होतं. भुंगा तेवढा घुटमळला.

"दाजी, मग माझी पाठ कोण बघणार?"

"तुझ्या पाठीत बघण्यासारखं आहे तरी काय एवढं?" मुकादम म्हणाला, आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करून दिली.

बाटल्या रिकाम्या जाऊ लागल्या. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिचा नियमच करून टाकला. सहकाऱ्याच्या शरीराचे अनधिकृत निरीक्षण हे गैरवर्तन ठरलं. यापुढे पाठ बघायची ती प्रशिक्षित पृष्ठनिरीक्षकानेच. तसं पदही निर्माण झालं आणि चक्क भरलंही गेलं. फक्त पृष्ठनिरीक्षकांना गोचिडांचा त्रास होऊ नये म्हणून त्यांची नेमणूक मुख्यालयात, वरच्या मजल्यावर झाली. ज्या कामगाराला पाठ दाखवायची असेल त्याने रजा टाकून तिकडे जावं, अशी सोय होती. रजा कोणत्या कारणासाठी हवी, या रकान्यात मात्र 'गोचीड' हा शब्द चालत नव्हता.

मग ढाल आली. तुकडीचं क्षेत्र 'गोचीडमुक्त' म्हणून घोषित झालं. वाटेवरचे 'गोचिडांपासून सावध राहा' हे फलक काढून टाकले गेले, कारण जे नाही त्यापासून सावध राहायला सांगणं म्हणजे अफवा पसरवणं. बूटही आले, अगदी मापाचे, एकेका जोडीवर एकेकाचं नाव. पण ते घालायचे कसे? गोचीडमुक्त क्षेत्रात कामगार गोचीडरोधक बूट घालून हिंडताना कोणी पाहुण्याने बघितले तर त्याचा काय समज होईल? साहेबांनी हा मुद्दा फार हळुवारपणे मांडला. शेडमध्ये काचेचं कपाट आलं आणि त्यात ढालीच्या दोन्ही बाजूंना बूट रचले गेले. मुकादम रोज सकाळी कपाटाची काच पुसायचा आणि मग जुनेच आखूड बूट घालून गवतात उतरायचा.

भुंग्याला ताप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, दमला असेल. दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. डोकं फुटायची वेळ आली म्हणाला, सांधे धरले म्हणाला, आणि मग काहीच म्हणेना. एकटा राहायचा, म्हणून बहिणीने त्याला आपल्या घरी आणून पुढच्या खोलीत निजवलं. अंग पुसायला तिने त्याला कुशीवर वळवलं आणि तिचा हात तिथेच थांबला. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला आपल्याला हात पोचत नाही तिथे, लालबुंद चट्टा उठला होता.

"अहो, इकडे या. याला गोचीड चावलाय."

मुकादम दारातूनच म्हणाला, "शक्य नाही."

"का?"

"आमच्याकडे गोचीड नाहीत."

बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने गाडी काढायला गेला.

पंचक्रोशीत माणसांचा दवाखाना एकच, खात्याचा. तिथल्या डॉक्टरीणबाई अनुभवी होत्या. चट्टा बघताच त्यांनी ओळखलं. गोळ्या आजच सुरू करायच्या, उशीर झाला तर आवरणार नाही, असं स्पष्ट बोलल्या आणि संगणकात आजाराचं नाव भरलं. संगणकाने कामाचं क्षेत्र विचारलं. त्यांनी भरलं. पडदा लाल झाला. 'सदर क्षेत्र गोचीडमुक्त आहे. कृपया दुसरा आजार निवडा.' बाईंनी पुन्हा भरलं, पडदा पुन्हा लाल. निदान स्वीकारल्याशिवाय चिठ्ठी निघत नव्हती आणि चिठ्ठीशिवाय बाहेरचा औषधवाला गोळ्या देत नव्हता. दवाखान्यातला साठा मागे मुख्यालयाने परत मागवून घेतला होता. मुक्त क्षेत्रात या गोळ्या राहिल्या तर त्यांचा वापर होण्याची शक्यता असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पडसं देऊ शकते," बाई म्हणाल्या. "अपचन देऊ शकते. पण त्यांच्या गोळ्या वेगळ्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुकादम, तुमच्या साहेबांकडे जा. एक गोचीड मान्य करून घ्या. एकच. तेवढ्यावर मी भागवते."

भुंगा बाकावर डोळे मिटून पडला होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता.  आपण याची पाठ बघितली असती तर, हा विचार मुकादमाच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि तो साहेबांच्या कार्यालयाकडे निघाला.

साहेबांचं कार्यालय गजबजलेलं होतं. दोनच आठवड्यांवर मोठा समारंभ होता. मुख्यालयाचे सर्वांत मोठे साहेब येणार होते आणि 'गोचीडमुक्त मुकादम' म्हणून आपल्या मुकादमाचा सत्कार होणार होता. त्याचा फोटो आधीच छापून भिंतीला टेकवून ठेवला होता, दारापेक्षा उंच. मुकादम त्या फोटोसमोर उभा राहिला आणि त्याने एक गोचीड मागितला.

साहेब खरोखर कळवळले. भुंग्याची तब्येत विचारली, पाणी मागवलं. मग म्हणाले, अडचण समजून घ्या. आज एक गोचीड मान्य केला की मागचे सगळे शून्य संशयात येतात. "तुम्ही खोटे शून्य दिलेत असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"नाही साहेब, खरेच होते. आम्ही बघितलंच नव्हतं."

"मग आता कशाला बघितलंत?"

"मी नाही बघितलं, साहेब. बायकोने बघितलं."

"त्या खात्यात आहेत?"

"नाही."

"कुठे बघितलं?"

"घरी."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग झालं तर. हा गोचीड खासगी आहे."

मुकादमाला क्षणभर वाटलं, सुटलो. खासगी तर खासगी, तसं लिहून द्या म्हणाला. साहेबांनी आनंदाने तिथल्या तिथे फोन करून दवाखान्याला कळवलं की सदर गोचीड खासगी असून त्याचा खात्याशी संबंध नाही. आणि फोन ठेवल्यावर सांगितलं की खासगी गोचिडाने झालेला आजार खासगी असतो, त्यामुळे खात्याच्या दवाखान्यात त्यावर उपचार आता करता येणार नाहीत. जाताना त्यांनी मुकादमाला समारंभासाठी स्वच्छ शर्ट आणायची आठवण केली.

मुकादम परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच बायकोला कळलं. ती भावाच्या उशाशी बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या ढालीला ताप येत नाही, नाही का?" मुकादम खाली बघत राहिला. 

डॉक्टरीणबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या खिडकीतून बाहेर बघतच बोलल्या, जणू स्वतःशीच. खात्याच्या फाटकावर राखणीचा कुत्रा आहे, हवालदार म्हणतात त्याला. राखणीच्या कुत्र्यांचा दवाखाना समोरच आहे. अभियान फक्त माणसांसाठी आहे, कुत्र्यांचं कोणी उद्दिष्ट ठरवलेलं नाही. त्यामुळे कुत्र्यांना अजून गोचीड होतात आणि गोचिडांचा तापही येतो. "आणि गोळी," बाई म्हणाल्या, "तीच असते." त्यांनी किती द्यायच्या आणि किती दिवस द्यायच्या ते मुकादमाच्या बायकोच्या तळहातावर पेनाने लिहून दिलं.

जनावरांचे डॉक्टर म्हातारे होते आणि पेंगत होते. फाटकावरच्या कुत्र्याला ताप आहे असं बायकोने म्हटल्यावर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "वजन?"

"सत्तर किलो," मुकादम म्हणाला.

डॉक्टरांनी एक डोळा उघडला. "मोठा आहे. खातो का काही?"

"दोन दिवस काही खाल्लं नाही. पाणी तेवढं मागतो."

"मागतो?" डॉक्टरांनी दुसराही डोळा उघडला. "काम काय करतो?"

"करवत चालवतो," मुकादमाच्या तोंडून निघून गेलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं, बायकोच्या तळहाताकडे पाहिलं, आणि मग वहीत हवालदाराचं नाव लिहून, उठून कपाटातून गोळ्यांचं मोठं पाकीट काढलं. कुत्र्याला उपाशीपोटी देऊ नका म्हणाले. गोळी भरपूर पाण्याबरोबर द्या आणि लगेच आडवं होऊ देऊ नका. थोडे दिवस उन्हात जाऊ नको म्हणावं त्याला. आणि दार लोटताना म्हणाले की गेल्या महिन्यापासून नदीकाठच्या तुकडीचे कुत्रेही असेच वजनदार निघतायत.

भुंगा वाचला. ताप उतरला, चार घास जाऊ लागले. बहीण त्याला वेळेवर गोळ्या देत होती आणि मुकादम ग्लास धरून उभा राहत होता. आपण कुत्र्याच्या नावावर बरे झालो हे कळलं तेव्हा तो हसेल असं मुकादमाला वाटलं होतं. तो हसला नाही. पुन्हा कामावर आला, करवत हातात घेतली, पण गुणगुणणं बंद झालं होतं.

इकडे हवालदाराचं प्रकरण वर गेलं. गोचीडमुक्त क्षेत्राच्या फाटकावरच्या कुत्र्याला गोचीड ताप? मुख्यालयाने तातडीने दखल घेतली. मुक्त क्षेत्राची बदनामी केल्याबद्दल हवालदाराला राखणीवरून कमी करण्यात आलं. तो ठणठणीत होता, शेपटी हलवत होता, पण खुलासा त्याला देता आला नाही. भुंगा त्याला घरी घेऊन गेला. रोज संध्याकाळी तो अंगणात त्याला मांडीशी घेऊन बसायचा आणि कानांपासून शेपटीपर्यंत एकेक केस बाजूला करून बघायचा. सबंध क्षेत्रात पाठ बघितली जात होती ती एवढ्या एकाच जिवाची.

समारंभ दणक्यात झाला. मंडप, फुलं, ध्वनिक्षेपक. बायको आली नाही, घरी काम आहे म्हणाली. मोठे साहेब बोलले की गोचिडांवर विजय मिळवण्याचं हे उदाहरण सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं. टाळ्या वाजल्या. मुकादम स्वच्छ शर्टात व्यासपीठावर उभा होता, हातात कपाटातून काढून आणलेली ढाल, गळ्यात हार. आणि नेमकी तेव्हाच त्याची पाठ खाजायला लागली.

दोन खांद्यांच्या मधोमध. बारीक, पण थांबेना. ढाल हातात असल्यामुळे हात मागे नेता येईना, आणि नेला असता तरी पोचला नसता. त्याच्या कपाळावर घाम आला. दोन दिवसांपासून अंग जरा कसंनुसं होतंच, ते त्याने सत्काराच्या आनंदावर ढकललं होतं. मागे खुर्च्यांवर साहेबांची रांगच्या रांग बसली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याचीच पाठ. सुरक्षा साहेब पुढे आले आणि त्यांनी कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, अगदी तिथेच. मुकादम दचकला. लोकांना वाटलं, गहिवरला.

समारंभ संपला तसा तो तडक शेडमध्ये गेला. भुंगा करवतीची साखळी पुसत बसला होता. मुकादमाने ढाल टेबलावर ठेवली, दार लावून घेतलं आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.  खूप दिवसांनी त्याने मेहुण्याकडे पाठ केली.

"बघ रे जरा. मधोमध."

भुंग्याने साखळी खाली ठेवली. मग भुंगा शांतपणे म्हणाला, "बघतो, दाजी. पण बघितलं तर सापडेल."

मुकादम तसाच उभा राहिला, अर्धा शर्ट खांद्यावरून उतरलेला. भुंग्याच्या हातात चिमटा होता. तो त्याने कुठून काढला कोण जाणे, इतके दिवस खिशातच बाळगला असावा. बाटली फळीवर होती, स्वच्छ, रिकामी, उद्या जायची. काचेच्या कपाटात बूट चमकत होते. उद्याच मोठ्या साहेबांबरोबर फोटो काढायचा होता, हे मुकादमाला आठवलं. त्याला तापलेला भुंगाही आठवला, बायकोचा तो प्रश्नही आठवला, हवालदारसुद्धा आठवला. सगळं आठवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने शर्ट वर ओढला आणि एकेक बटण लावलं.

"आज राहू दे," तो म्हणाला. "घामोळं असेल."

भुंग्याने हात धरून त्याला थांबवलं. "दाजी, मी कोणाला सांगणार नाही. बाटलीतही टाकणार नाही." पण मुकादम कधी खोटं बोललेला नव्हता. त्याने मान हलवली, ढाल उचलली आणि घरी गेला.

आता तुम्ही म्हणाल, कसला हा मूर्ख माणूस. इतकं सगळं डोळ्यांदेखत घडलं, मेहुणा मरता मरता वाचला, चिमटा हाताच्या अंतरावर होता, आणि तरी? म्हणा, जरूर म्हणा. पण एक खरं सांगा. ही गोष्ट वाचताना मध्ये कुठेतरी, त्या लाल चट्ट्यापाशी असेल किंवा त्या व्यासपीठावर असेल, तुमचीही पाठ खाजली. खाजली ना? घरात कोणीतरी होतं. हाक मारली असती तर येऊन बघितलं असतं. मारलीत हाक? नाही. खुर्चीच्या पाठीला जरा घासलंत आणि पुढे वाचत राहिलात.

म्हणजे तुमच्याकडेही गोचीड नाहीत. अभिनंदन. ढाल घरपोच मिळेल, बूट मात्र कपाटातच ठेवा.